सहाची ओहोटी

मावशी, तुझ्या मुलानं तुझ्याबद्दल खोटं सांगितलं. चर्चमध्ये, माइकवरून, सगळ्यांदेखत. म्हणाला, "ममाचं सगळं जग म्हणजे तिची नातवंडं. शी नेव्हर वॉन्टेड एनीथिंग फॉर हरसेल्फ." पुढच्या बाकांवरच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं डोळे पुसले. मी मागे बसले होते आणि उभी राहून ओरडणार होते. ओरडायची मला सवय आहे, त्यासाठीच तू मला भोंगा म्हणायचीस. पण तुझी शवपेटी समोर होती. गप्प बसले.

आता नाही बसत. तुला हवं होतं. एकच गोष्ट हवी होती आणि ती तू दोन उन्हाळे मागत होतीस. एक आठवडा. खाऱ्या पाण्याजवळ.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्या फोटोखाली टाकायला माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. "तुझं मराठी चांगलं आहे, काहीतरी भावपूर्ण लिही." चार ओळींत मला फक्त शिव्या बसवता येतील. म्हणून हे लांबलचक, आणि थेट तुलाच. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

आपली ओळख कपडे धुताना झाली. मार्कहॅममधलं तुझ्या मुलाचं, विल्सनदादाचं घर. खाली बेसमेंटमध्ये मी भाडेकरू. आणि वॉशर-ड्रायर नेमके माझ्या दाराबाहेर. तू टोपली घेऊन जिना उतरलीस, माझ्या पलंगावर पसरलेले कागद पाहिलेस आणि विचारलंस, "काय गो, लग्नाच्या पत्रिका काय?" माझ्यासारख्या, टेंप एजन्सीमार्फत गोदामांत कामाला जाणाऱ्यांसाठी पत्रकं होती ती. सुट्टी मागायचा तुम्हाला हक्क आहे, घाबरू नका. मराठीत, हिंदीत, पंजाबीत. तू एक उचललंस, हात लांब करून वाचलंस. "बरं लिवलंय. पण घाबरनारा मानूस कागद वाचून घाबरायचा थांबतो काय?" आणि मग खाली बसून माझ्याबरोबर घड्या घालायला लागलीस. तुझ्या नातवाच्या, इथनच्या पायजम्याची एक घडी, पत्रकाची एक घडी. दुसऱ्या दिवशी त्याच पत्रकांवर तू बांगडे साफ करत होतीस. "कागद चांगला हाय तुझा. खवलं चिकटत नाय."

इतक्या वर्षांत माझ्या लिखाणाची याहून खरी समीक्षा कुणी केली नाही.

तू वसईची, पाचूबंदरची कोळीण. मी इचलकरंजीची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इकडे येताना विमानाच्या खिडकीतून. हे सांगितल्यावर तू हसून हसून ड्रायरला टेकलीस. "म्हंजे वरून बघितलास. देवासारखा." तू आल्या आल्या विल्सनदादानं तुला लेक ओंटारिओ दाखवायला नेलं होतं. एवढं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही. त्याला वाटलं आई खूश होईल. तू वाकून पाण्यात बोट बुडवलंस, चाखलंस आणि म्हणालीस, "हे तर विहिरीचं पानी हाय रे. वास नाय, भरती नाय. निस्तं पडून हाय, आजाऱ्यासारखं." हा किस्सा तो प्रत्येक पार्टीत सांगायचा. लोक हसायचे. तो विनोद नव्हता, तक्रार होती, हे त्या हुशार माणसाच्या कधी डोक्यात आलं नाही.

पहिला प्लॅन त्याचाच. ते वर्ष या देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत फुकट प्रवेश, त्याचा पास पोस्टानं घरी आला. विल्सनदादानं तो व्हॅनच्या आरशाला लटकवला आणि जेवताना जाहीर केलं: नोव्हा स्कोशिया, अटलांटिक, एक आठवडा, होल फॅमिली. त्या दिवशी तू खाली आलीस तेव्हा हातात टोपली नव्हती. नुसती सांगायला आली होतीस. "खरा समुद्र, बाय. खडकाचा. होड्या हायत तिथं."

मग विल्सनदादाच्या कंपनीत कसलंतरी रिलीज आलं. मग तुझ्या सुनेच्या, शेरीलच्या बहिणीचा बेबी शॉवर आला. मग, "इट्स टू फार विथ किड्स, ममा. नेक्स्ट समर पक्का." त्याऐवजी एका रविवारी नायगारा. तिथला तुझा फोटो आहे, निळा प्लास्टिकचा रेनकोट घातलेला, हात धाकट्या नातीच्या, ऑड्रीच्या स्ट्रोलरवर. मागे जगप्रसिद्ध धबधबा कोसळतोय आणि तू बघतेयस ऑड्रीचे मोजे. तोच फोटो त्यांनी मोठा करून फ्युनरल होममध्ये लावला. पास आरशाला तसाच लोंबत राहिला. वर्ष संपलं, त्याची मुदत संपली, उन्हानं रंग उडाला, तरी लोंबत होता.

मावशी, तुला राग येईल, पण लिहिते. आई दोन वर्षांच्या सुपर व्हिसावर येते. विमानतळावर फुलं, फोटो. पहिल्या आठवड्यात तिला मायक्रोवेव्ह शिकवतात. स्मोक अलार्म वाजला तर काय करायचं ते शिकवतात. स्कूल बस कुठे थांबते ते दाखवतात. सिटी बस कुठे थांबते ते कुणी दाखवत नाही. या गावात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. घर, बसस्टॉप, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, येताना ग्रोसरी. आणि सगळे सज्जन. कुणी ओरडत नाही. कुणी उपाशी ठेवत नाही. मदर्स डेला केक येतो, त्यावर क्रीमनं नाव लिहिलेलं, आणि तो कापून झाला की प्लेट्स तूच धुतेस. मी गोदामातल्या सुपरवायझरशी भांडू शकते, कारण तो तोंडावर वाईट असतो. केक आणणाऱ्यांशी कसं भांडायचं, याचं पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

यंदा मग आपण दोघींनीच ठरवलं. माझी जुनी कोरोला, माझं लायसन्स, तुझं डोकं. मुलं शाळेत गेली की तू खाली यायचीस. ड्रायरवर नकाशा पसरायचा, आत कपडे फिरतायत, वर नोव्हा स्कोशिया थरथरतोय. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. तू बोटांवर मोजून दाखवलंस. "सातातलं चार गाडीत? मग समुद्र कोन बघनार, तुझी गाडी?"

"वाटेत मॉन्ट्रियल आहे मावशी. क्यूबेक सिटी आहे. जुनी चर्चेस आहेत."

"समुद्र हाय तिथं?"

"नदी आहे. खूप मोठी."

"नदी काढ."

नदी काढली. चर्चेस काढली. मॉन्ट्रियलमध्ये माझी मैत्रीण होती, तीही काढलीस. प्लॅन तुझ्या हातात आला की मासळीसारखा साफ व्हायचा. डोकं गेलं, पोट गेलं, शेपूट गेली. उरला तो नुसता किनारा, हॅलिफॅक्सपासून वर केप ब्रेटनपर्यंत, खडकाखडकानं.

मग तुला महिना खटकला. "जुलै म्हंजे आषाढ. आषाढात कोन समुद्रावर जातं? होड्या वर ओढलेल्या असतात."

"इथे उलटं आहे. इथे उन्हाळ्यातच समुद्र शांत."

"आनि थंडीत?"

"थंडीत वादळं. बर्फ."

तू नकाशावरून बोट फिरवलंस. म्हणालीस, "मग हे लोक नारळ कधी वाहतात?" मी म्हटलं, नाही वाहत. तर तू म्हणालीस, "म्हनून बर्फ."

दर रविवारी मिस्सेला जाणारी बाई तू, आणि समुद्राला नारळ मिळत नाही याची तुला खरी काळजी लागली. ग्रोसरीतून एक नारळ आणवलास. शेंडीशिवायचा, सोलून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. "हा काय नारळ हाय? न्हावून आलेला." तरी ठेवलास.

राइस कुकर नेणार, हे तू परस्पर ठरवलंस. मोटेलवाल्यांना चालेल का, हे मला फोन करून इंग्रजीत विचारायला लावलंस, एकेकाला, आणि जो "नो" म्हणाला तो प्लॅनमधून गेला. सुकट नेणार. मी म्हटलं गाडीला वास लागेल. "तुझी गाडी कुठं अत्तराची हाय?" आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे धक्क्यावर जाणार, होडी येताना बघणार, मासे हातात घेऊन भाव करणार. "तिथं मासे कोन विकतं? बायका का पुरुष?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, बहुतेक कंपनी विकते.

"मग बायका काय करतात?"

हा प्रश्न मला कुठल्या सभेत कुणी विचारला असता तर मी अर्धा तास बोलले असते. तुझ्यापुढे मी नुसता नकाशा सरळ केला. तू म्हणालीस, "जाऊन विचारू."

आणि भांडण. आपलं मोठं भांडण, जे अजून मिटलेलं नाही.

माझी आई दरवर्षी गावाकडून भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाठवते. तू त्यातल्या अमावस्येवर बोट ठेवलंस. "ह्या दिवशी तिथं पोचायचं. अमावशेला उधान. दुपारी बाराला भरती, संध्याकाळी सहाला ओहोटी. सहाला खडक उघडे पडतात. मी कालवं काढीन, तू बादली धर." कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायची कोयती तू पहिल्याच खेपेला वसईहून आणली होतीस, टॉवेलात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. विल्सनदादा हसला होता, इथे दुकानात मिळतात ममा, साफ केलेली. तेव्हापासून ती ड्रायरच्या मागे होती.

मी फोन काढला. तिथल्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधलं. अमावस्येला तिथे ओहोटी भर दुपारी. सहापर्यंत पाणी परत चढायला लागलेलं.

"मावशी, सहाला खडक बुडत आलेले असतील."

"कोन बोलतं?"

"इथलं सरकार."

"सरकार गेलं होतं काय कालवं काढायला?"

"अगं, तुझं गणित वसईचं आहे. अमावस्येचं उधाण सगळीकडे खरं, पण घड्याळातली वेळ किनाऱ्याकिनाऱ्याला वेगळी असते."

"चंद्र येगळा हाय काय तिथं?"

मी कांदा घेतला, लिंबू घेतलं, पृथ्वी फिरवून दाखवली, चंद्र फिरवून दाखवला. इचलकरंजीची पोरगी पाचूबंदरच्या कोळणीला भरती शिकवत होती, आणि गंमत म्हणजे बरोबर मीच होते. तू कांदा माझ्या हातातून काढून घेतलास, म्हणालीस हा वर लागतोय, आमटीला. जिन्यावरून वळून म्हणालीस, "सहाला उभं ऱ्हाऊ. बघू. पानी सांगेल."

पाणी काय सांगणार ते मला माहीत होतं. मी वाट बघत होते. तुझा चेहरा कसा होईल, मग तू काय बहाणा काढशील, इथल्या सरकारवर ढकलशील का नारळ न वाहण्यावर. मावशी, एवढी आतुरतेनं मी कुठल्या विजयाची वाट पाहिलेली नाही.

जून लागला आणि शेरील वरच्या स्वयंपाकघरात म्हणाली, "ममा, आय टोटली वॉन्ट यू टू गो. पण मुलांच्या समर कॅम्पला जुलैत स्पॉटच नाहीये. वेटलिस्टवर आहोत. मी लीव्ह टाकली तर बॉस... यू नो ना." विल्सनदादा फोनमधून वर न बघता म्हणाला, "ममा, यू डिसाइड. नो प्रेशर."

मी जिन्यात उभी होते. 'यू डिसाइड.' हे वाक्य मी ओळखते. गोदामांच्या दारात मी ते रोज ऐकते. ओव्हरटाइम ऐच्छिक आहे, तुम्ही ठरवा. सुट्टी घ्यायची तर घ्या, तुम्ही ठरवा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात निर्णय अडकवायचा आणि आपण हात धुऊन मोकळं व्हायचं. या देशात याला फार सभ्य समजतात.

तू पातेल्यात डाव फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. पुढच्या अमावशेला जाऊ. समुद्र काय पळून जातो?"

तू खाली आलीस तेव्हा मी तयारच होते. म्हटलं, तू इथे आई नाहीस, बिनपगारी आया आहेस. म्हटलं, त्यांना डे केअर परवडतं, त्यांना तू स्वस्त पडतेस. तू ड्रायरचं दार आपटलंस.

"माझ्या नातवंडांचं मी करते. तुझ्या आयशीचं कोन करतं? कधी फोन केलास तिला?"

"माझी आई कुणाची मोलकरीण नाही."

"म्हंजे मी हाय?"

 तू टोपली उचललीस, परत खाली ठेवलीस.

"ऐक. तू जगाचे कागद छाप. माझा कागद करू नको. बिचारी आजी म्हनून मना पानावर छापलंस ना, तर ह्या जिन्यावरून खाली येनार नाय."

आलीस. दोन दिवसांनी, चादरी घेऊन. आपण बोललो ते साबणाबद्दल. समुद्राचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. नकाशा ड्रायरवरून मी काढला नव्हता. तू त्याच्यावरच उशांचे अभ्रे ठेवलेस.

आणि मग त्या आठवड्यात स्कूल बस आली, मुलं उतरली, तू इथनची बॅग खांद्याला लावलीस, कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यांच्या लॉनवर बसलीस आणि उठलीच नाहीस. मी कामावर होते. डॉक्टर काय म्हणाले ते मंडळाच्या अंकात दुसरं कुणीतरी नीट लिहील. मी एवढंच लिहिते, की चालताना धाप लागते हे तू मला बर्फ वितळल्यापासून सांगत होतीस आणि वर सांगत नव्हतीस, कारण तुला क्लिनिकमध्ये न्यायचं म्हणजे शेरीलचा अर्धा दिवस मोडणार. मी म्हटलं, मी नेते. तू म्हणालीस, "तू समुद्रावर ने. डॉक्टर काय, इथं पन हाय." या वाक्याला मी तेव्हा हसले. आता ते वाक्य मला कुठे ठेवावं कळत नाही. आणि तुझा राग येतो, मावशी. त्यांच्याइतकाच तुझाही येतो. हो म्हणण्यात तुझ्याइतकी तरबेज बाई मी पाहिली नाही. रोज उठून दुसऱ्यांच्या हक्कांसाठी गळा फोडते मी, आणि माझ्या डोक्यावर, एका जिन्याच्या अंतरावर, तू स्वतःचा हक्क आमटीत ढवळत होतीस.

पण मला जगवलंस तूच. गेल्या हिवाळ्यात माझ्या शिफ्ट कापल्या गेल्या, कारण कुणीतरी जाऊन सांगितलं की पत्रकं हीच वाटते. मी कुणाला बोलले नव्हते. तू विचारलंही नाहीस. रोज जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं ताट. त्यावर उपडी वाटी, वाटीवर एक घडी घातलेलं माझंच पत्रक. 'घाबरू नका' ही ओळ वर येईल अशी घडी. हे तू मुद्दाम करत होतीस की आपोआप होत होतं, हे विचारायचं राहिलं. नको विचारायला. मुद्दामच होतं.

आणि आईला फोन केला. तू गेल्यावर. तिला सगळं सांगितलं, भरती, कांदा, नारळ. ती म्हणाली, "एकदा दाखवायला हवा होता गं त्यांना समुद्र." माझ्या आईनंही तो अजून पाहिलेला नाही.

तुला पुरलं ते हायवेलगत. तिथून ट्रकांचा आवाज येतो. मंडळातली एक बाई मला म्हणाली, "डोळे मिटून ऐकलं तर लाटांसारखा वाटतो, नाही?" मी म्हटलं, नाही. दुसरी म्हणाली, "भाग्यवान. मुलाच्या घरी, नातवंडांसमोर गेल्या. कुणावर भार नाही टाकला." भार! पाच माणसांचं घर जिच्या खांद्यावर होतं, तिनं भार टाकला नाही म्हणून कौतुक. शेवटच्या क्षणीसुद्धा तुझ्या खांद्याला दप्तर होतं, बाई.

शेरीलनं तुझी खोली आवरली. साड्या वसईला जायच्या बॅगेत, स्वेटर दानाच्या बॅगेत. कोयती हातात धरून तिनं मला विचारलं, "हे गार्डनिंगचं आहे का?" मी घेतली तिच्याकडून.

विल्सनदादाबद्दल एक सांगते, म्हणजे मी सगळं एकतर्फी लिहिलं असं तू म्हणणार नाहीस. रीसायकलिंगचा डबा ठेवायला मी गराजमध्ये गेले होते. तो व्हॅनमध्ये बसला होता, दार उघडं, इंजिन बंद. मला म्हणाला, "प्राची, तिला तिथे जाऊन करायचं काय होतं? म्हणजे, व्हॉट वॉज द प्लॅन?" त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, कालवं काढायची होती. तो म्हणाला, "कालवं? अगं, ती तर इथे..." आणि थांबला. मग हात स्टिअरिंगवर ठेवून रडला. लहानपणी त्याला तू घेऊन जायचीस म्हणाला, तो खडकांवर घसरायचा आणि तू त्याच्या कमरेला पदर बांधायचीस. मी त्याचं सांत्वन केलं नाही. डबा ठेवला आणि आले. तू असतीस तर पाणी दिलं असतंस.

परवा महिन्याची मिस्सा झाली. घरी आल्यावर शेरील मला म्हणाली, "वी आर डूइंग इट. फॉर ममा. ऑगस्टमध्ये, नोव्हा स्कोशिया. दोघांनी वीक ऑफ घेतलाय." तुझ्या पुढच्या अमावस्येचाच आठवडा, मावशी. दोघांनी. सुट्टी मिळाली. बॉसनं लगेच दिली, म्हणे फार समजूतदार आहे. जिवंत माणसासाठी नव्हती, मेलेल्यासाठी निघाली.

मग ती म्हणाली, "तू पण चल ना. व्हॅनमध्ये एक सीट आहेच. प्लॅन सगळा तुला माहितीये. आणि मुलं तुझ्याशी कम्फर्टेबल आहेत. म्हणजे आम्ही मॅनेज करू, पण यू नो..."

ती वाईट नाही. आपण काय बोललो हे तिला कळलंसुद्धा नाही. तुला नॅना म्हणणारा इथन टेबलाखाली गाडी फिरवत होता, तिथूनच म्हणाला, "बट दॅट्स नॅनाज सीट."

 मी म्हटलं, "ऐकलंत ना? सीट रिकामी नाहीये." आणि खाली आले. भांडले नाही. भोंगा वाजला नाही. तुझ्या सवयी लागल्यात मला.

तू म्हणाली होतीस माझा कागद करू नको. हा कागद नाही असं मी लिहिणार होते. आहे. मोडला तुझा शब्द. आता ये जिना उतरून आणि भांड.

प्लॅन मात्र विल्सनदादाला दिला. तो तुझा होता, अडवणारी मी कोण? फोनवर सगळा पाठवला. कुठल्या मोटेलात भात शिजवू देतात. कुठल्या धक्क्यावर थांबायचं. मासे कोण विकतं आणि बायका काय करतात, ते तिथे विचारायचं. नदीसाठी कुठेही थांबायचं नाही. नारळ न्यायचा. आणि अमावस्येच्या दिवसासमोर लिहिलं: संध्याकाळी सहा. ओहोटी. खडक उघडे पडतील. कोयती स्वच्छ पुसून, तेल लावून, त्याच टॉवेलात गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवली.

वेळ दुरुस्त केली नाही.

सहाला पोचतील ते. मुलांच्या हातात बादल्या असतील, विल्सनदादाच्या हातात कोयती. पाणी चढत असेल, खडक दिसत नसतील. तो फोन काढेल, बघेल आणि म्हणेल, ममाचं चुकलं. शेरील विचारेल, नाऊ व्हॉट? मुलं कंटाळतील, ओली होतील, भांडतील, आणि त्यांच्याकडे कुणालातरी बघावं लागेल. परत ओहोटी लागेपर्यंत करण्यासारखं काहीच नसेल, मावशी. नुसतं उभं राहायचं आणि समुद्र बघायचा.

तू म्हणाली होतीस, पाणी सांगेल. सांगू दे त्यांना.